टाकळ्याचा घोळ: दोन सख्ख्या जाती दर पावसाळ्यात का चुकतात आणि कुठे बघितलं की चुकत नाहीत

टाकळा ओळखता येत नाही असं म्हणणारा माणूस कोकणात तरी सापडायचा नाही. मृगाच्या चार सरी पडल्या की पायवाटेच्या कडेला, गोठ्यामागे, पडीक खाचरात जे गुडघाभर हिरवं दाटून येतं त्यात निम्मा टाकळा असतो. विदर्भात तो तरोटा, गोव्यात तायकिळो, संस्कृतात चक्रमर्द किंवा दद्रुघ्न, म्हणजे गजकर्ण घालवणारा. पान चुरगाळलं की उग्र वास येतो, दिवेलागणीला पर्णिका, म्हणजे एका पानातली छोटी पानं, मिटतात, भाद्रपदात पिवळी फुलं येतात आणि दिवाळीच्या आसपास लांबलचक बारीक शेंगा. लहान पोरालाही कळेल असं झाड.

घोळ होतो तो वहीत नाव लिहिताना. 'टाकळा' या एका शब्दाखाली दोन वेगळ्या जाती राहतात: सेना टोरा आणि सेना ऑब्ट्युसिफोलिया. माझ्या वहीत गावाकडच्या एकाच बांधावरच्या झाडांना एका वर्षी टोरा लिहिलंय, पुढच्या वर्षी ऑब्ट्युसिफोलिया आणि तिसऱ्या वर्षी 'टोरा' लिहून पुढे प्रश्नचिन्ह. झाडं तीच नव्हती म्हणा, टाकळा वर्षायू आहे. पण बांध तोच, बी तिथलंच. दर पावसाळ्यात पहिले पाढे पंचावन्न. टेकडीवर बरोबर फिरणाऱ्या मंडळींचीही हीच रड ऐकली, तेव्हा चूक नेमकी कुठे होते ते बसून शोधलं. तेच इथे मांडतोय.

चूक का होते

पहिलं कारण पान. आपण झाड ओळखायला आधी पानाकडे बघतो आणि इथे पान काही म्हणजे काही सांगत नाही. दोन्ही जातींत संयुक्त पान, पर्णिकांच्या तीन जोड्या, देठाकडची जोडी लहान, टोकाकडची मोठी, पर्णिका टोकाशी गोलसर. त्यात नावानं आणखी फसगत केली आहे. 'ऑब्ट्युसिफोलिया' म्हणजे बोथट पानांची. हे वाचून माणूस बोथट पान शोधत बसतो, आणि शेजारच्या टोराचं पानही तितकंच बोथट निघतं. 'टोरा' या नावात तर लक्षणच नाही, तो श्रीलंकेतला सिंहली शब्द आहे. तिथे या झाडाला आजही पेती तोरा म्हणतात.

दुसरं कारण पुस्तकं. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५३ साली दोन्ही जाती वेगळ्या नोंदवल्या होत्या, एकाच ग्रंथात. पण १८७१ मध्ये बेंथॅम या वनस्पतिशास्त्रज्ञानं कॅशिया या प्रजातीचा, म्हणजे सख्ख्या जातींच्या गटाचा, सगळा पसारा आवरताना दोघींना एकत्र केलं, आणि त्याचा शब्द मोठा असल्यानं ते बराच काळ टिकलं. विसाव्या शतकाच्या मध्यावर, ब्रेनन या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या १९५८ च्या लेखनानंतर, त्या पुन्हा वेगळ्या मानल्या जाऊ लागल्या. पुढे १९८२ मध्ये अर्विन आणि बार्नबी यांनी जुन्या कॅशियाचे तीन भाग केले: कॅशिया, सेना आणि कॅमेक्रिस्टा. बहावा कॅशियातच राहिला, टाकळा सेनात गेला. म्हणून जुन्या पुस्तकात 'कॅशिया टोरा' असं दिसलं तर दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. एक, नाव बदललंय. दोन, जी नोंद दोन्ही जाती एकच मानणाऱ्यांनी केली असेल, तिच्यात दोघींपैकी कुठलीही जात असू शकते. नुसत्या जुन्या नोंदीच्या भरवशावर 'आमच्या तालुक्यात टोराच आहे' असं म्हणू नये.

मोबाइलच्या अ‍ॅपबद्दल एवढंच सांगतो की त्याला तुम्ही पानाचा फोटो दिलात तर ते पानावरूनच बोलणार, आणि पान मुकं आहे हे वर सांगितलंच.

पण खरं कारण तिसरं आहे, आणि ते आपलंच आहे. आपण टाकळ्याकडे जूनमध्ये बघतो. भाजी तेव्हाची, उत्साह तेव्हाचा, ताजा हिरवा फोटोही तेव्हाचाच. आणि दोन जाती वेगळ्या करणाऱ्या चार खुणांपैकी तीन तर ऑगस्टपर्यंत झाडावर आलेल्याच नसतात. आश्विनात शेंगा धरतात तेव्हा टाकळा निबर, धुळकट झालेला असतो, त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. जूनमध्ये निकाल लावायचा हट्ट सोडला की निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

पावसाळ्यात बघता येणारी एकच खूण: पानाच्या दांड्यावरच्या ग्रंथी

संयुक्त पानाच्या मधल्या दांड्यावर, वरच्या बाजूला, पर्णिकांच्या जोडीच्या बरोबर मध्ये एक बारीक खुंटी उभी असते. साधारण दोन मिलिमीटरची, नारिंगी-तपकिरी, टोकाला किंचित निमुळती. ही मधाची ग्रंथी. फुलात नसूनही ती गोड रस देते, म्हणून टाकळ्यावर मुंग्यांची ये-जा दिसते. सोनाराकडे असतं तसं दहापट भिंग असेल तर उत्तम, नसेल तरी उजेडात पान आडवं धरलं की डोळ्यांना दिसते.

आता मोजायचं. सेना टोरात खालच्या दोन जोड्यांमध्ये एकेक, म्हणजे एकूण दोन ग्रंथी. सेना ऑब्ट्युसिफोलियात फक्त सगळ्यात खालच्या जोडीत एक.

एवढं सोपं असून मी दोन वर्षं चुकलो, आणि कारण सांगायला लाज वाटते. 'खालची जोडी' म्हणजे खोडाच्या जवळची. मी पान तोडून टोक खाली धरून बघायचो, आणि टोकाकडची मोठी जोडी खालची समजायचो. तिथे दोन्ही जातींत ग्रंथी नसते. मग 'ग्रंथी दिसत नाही' असं लिहून मोकळा. तेव्हा पान शक्यतो तोडू नका. झाडावरच बघा आणि खोडापासून टोकाकडे मोजत जा.

दुसरी गफलत कुठलं पान निवडायचं याची. अगदी तळाच्या जुन्या पानावरची ग्रंथी वाळून काळी पडते, कधी गळूनही जाते. अगदी शेंड्याच्या कोवळ्या पानात जोड्या इतक्या जवळ असतात की दोन ग्रंथी एकीसारख्या दिसतात. झाडाच्या मधल्या भागातलं, पूर्ण उघडलेलं पान घ्यायचं. एक नाही, एका झाडाची निदान पाच पानं आणि जवळच्या चार-पाच झाडांची. कारण ग्रंथींची संख्या काही शिळेवरची रेघ नाही. एकाच झाडावर एका पानाला दोन आणि दुसऱ्याला एक असं मला भेटलेलं आहे. पाचांतल्या चार पानांनी एकच साक्ष दिली तर 'बहुधा टोरा' किंवा 'बहुधा ऑब्ट्युसिफोलिया' असं लिहायचं. 'बहुधा' खोडायचं ते नंतर.

आणि हो, झाडाला खूण करून ठेवा. मी जुन्या सुती साडीची चिंधी बांधतो. प्लॅस्टिकची दोरी गुरांच्या पोटात जाते.

फुलं आल्यावर: देठ मोजा

फुलं पानाच्या बगलेत, बहुतेक जोडीनं येतात. पाच पिवळ्या पाकळ्या, वरची मध्ये किंचित खाचलेली. रंगात आणि आकारात फरक शोधू नका, वेळ जाईल. फरक आहे तो फुलाच्या देठात.

टोरात देठ आखूड, फुलाच्या वेळी जेमतेम ६ ते १० मिलिमीटर, आणि शेंग धरल्यावरही साधारण दीड सेंटिमीटरच्या आतच. त्यामुळे फूल बगलेत दबा धरून बसल्यासारखं दिसतं. ऑब्ट्युसिफोलियात देठ लांब, दीड-दोन सेंटिमीटर, शेंगेत तीनपर्यंत जातो, आणि फूल बगलेतून बाहेर डोकावतं. एकदा दोन्ही शेजारी बघितली की पुढे पट्टी लागत नाही. पहिल्यांदा मात्र पट्टी घेऊन जाच.

मोजताना एक पथ्य. बगलेतून आधी एक छोटा सामाईक दांडा निघतो आणि त्याला पुढे दोन देठ फुटतात. तो सामाईक दांडा धरायचा नाही. फाट्यापासून फुलापर्यंत मोजायचं. खोडापासून मोजलंत तर टोराही लांब देठाचा ठरेल. उलट, कळीचा देठ मोजलात तर ऑब्ट्युसिफोलियाही आखूड ठरेल, कारण देठ कळीनंतर वाढतो. पूर्ण उमललेलं फूल किंवा पोसलेली शेंग, मधलं काही नको. सकाळी जा. दुपारनंतर फुलं मान टाकतात.

परागकोशाचीही एक खूण आहे. सात कामाच्या पुंकेसरांपैकी तीन मोठे असतात. ऑब्ट्युसिफोलियात या मोठ्या परागकोशांच्या टोकाला आखूड मान असते, बाटलीच्या तोंडासारखी. टोरात टोक गोल, मान नाही. पुस्तकांत ही खूण मानाची आहे. पावसात भिजलेल्या फुलावर, चिखलात उकिडवं बसून, डाव्या हातात छत्री आणि उजव्या हातात भिंग अशा अवस्थेत तिच्यावर फार विसंबू नये असं माझं मत. घरी टेबलावर बघायची असेल तर फूल डबीत ओल्या कापसावर आणा, नाहीतर पोचेपर्यंत त्याचा लगदा होतो.

निकाल लावणारी खूण: बी

ज्यांना एवढा सगळा खटाटोप नको त्यांनी फक्त हे वाचावं. कार्तिकात शेंगा तपकिरी झाल्या की दोन-तीन शेंगा तोडायच्या, पांढऱ्या कागदावर फोडायच्या. बी मेथीच्या दाण्यासारखं कोनेदार, चकचकीत, तपकिरी. मेथीपेक्षा थोडं मोठं. प्रत्येक बीच्या दोन बाजूंवर फिकट रंगाचा एक पट्टा असतो. सगळी मदार त्या पट्ट्याच्या रुंदीवर.

सेना टोरात पट्टा रुंद, दीड ते दोन मिलिमीटर. बीची ती बाजू जवळजवळ त्यानं भरून जाते, जणू दोन रंगांत रंगवलेलं बी. सेना ऑब्ट्युसिफोलियात पट्टा नव्हेच, तिरपी रेघ, ०.३ ते ०.५ मिलिमीटरची, बारीक पेन्सिलीनं ओढल्यासारखी. मधलं काही नाही. अर्धा मिलिमीटर कुठे आणि दीड कुठे, तिप्पट-चौपट फरक आहे. मोजायला पट्टीसुद्धा लागत नाही.

ही खूण मला इतकी उशिरा का कळली याचं कारण वर आलंच, दिवाळीनंतर टाकळ्याकडे कोण बघतो? पण ज्यांचा धंदा टाकळ्याच्या बियांवर आहे त्यांना ती कधीची ठाऊक आहे. चीनमध्ये ही बी औषधात आणि चहासारखी उकळून पितात. तिथल्या औषधकोशात दोन्ही जाती एकाच औषधाच्या नावाखाली मान्य आहेत, पण वर्णनं वेगळी दिली आहेत, आणि धाकट्या बीचं, म्हणजे टोराचं, वर्णन दोन्ही बाजूंना रुंद फिकट पट्टा असंच आहे. दोन्ही जातींच्या बियांपासून कॅशिया गम नावाचा डिंक काढतात. खाद्यपदार्थ दाट करायला तो वापरतात आणि युरोपात त्याचा क्रमांक ई ४२७. कोकणात टाकळ्याचं बी भाजून, कुटून कॉफीसारखं प्यायची पद्धत होती, ती पूड करणाऱ्या घरात पट्टा कुणी बघितला असेल असं वाटत नाही.

बी बघताना दोन गोष्टी सांभाळा. हिरव्या शेंगेतलं कच्चं बी घेऊ नका, त्यावर पट्टा नीट उमटलेला नसतो. आणि किडक्या बियांचा नाद सोडा. भुंग्यानं गोल भोक पाडलेलं बी हमखास त्याच बाजूला पोखरलेलं असतं जिथे आपल्याला बघायचं असतं, निदान मला तरी तशीच मिळतात. शेंग पूर्ण तडकायच्या आत काढून कागदी पाकिटात ठेवा. पाकिटावर जागा, तारीख आणि चिंधीचा रंग. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या माझ्या पहिल्या वर्षीच्या शेंगांना बुरशी आली आणि सगळा पावसाळा वाया गेला.

दोन्हींपैकी काहीच जुळत नसेल तर

मग बहुधा तुमच्यासमोर टाकळाच नाहीये.

पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर फिरणाऱ्यांना हे पुन्हा पुन्हा होतं. पानं टाकळ्यासारखी, फुलं पिवळी, झाड गुडघाभर, पण सगळ्या अंगावर सोनेरी-तांबूस लव. ग्रंथी मोजायला जावं तर प्रत्येक जोडीत एक. शेंग बघावी तर चार-पाच सेंटिमीटरची बुटकी, बियांच्या मध्ये आवळलेली, केसाळ. ही सेना युनिफ्लोरा, उष्णकटिबंधीय अमेरिकेतून आलेली पाहुणी. नाव एकफुली आणि बगलेत फुलांची दाटी, हा नाव ठेवणाऱ्यांचा आणखी एक प्रताप. कर्नाटकात धारवाडकडे ती गाजरगवताला मागे सारते असं दिसल्यावर तिचं बरंच कौतुक झालं होतं. गाजरगवताच्या जागी दुसरं तण, एवढाच त्या कौतुकाचा अर्थ, असं आता आपल्या टेकड्या बघून म्हणावंसं वाटतं. टाकळ्याची शेंग बोटाहून लांब, बारीक, धनुष्यासारखी किंचित वाकलेली असते, त्यामुळे शेंगेच्या दिवसांत ही चूक होऊच शकत नाही. जूनमध्ये लव बघा.

कासविंद्याची गोष्ट वेगळी, आणि ती नीट वाचा. सेना ऑक्सिडेंटॅलिस, कुणी रानटाकळाही म्हणतात, आणि तिथेच धोका सुरू होतो. पर्णिका चार-पाच जोड्या, भाल्यासारख्या टोकदार. टाकळ्याची पर्णिका टोकाला गोल, कासविंद्याची अणकुचीदार, हा फरक कोवळेपणीही दिसतो. ग्रंथी एकच, पण पर्णिकांच्या मध्ये नाही, देठाच्या अगदी बुडाशी, खोडाला चिकटून, फुगीर मण्यासारखी. शेंग चपटी, कडा फिकट, मध्ये तपकिरी. टोरा आणि ऑब्ट्युसिफोलियात चूक झाली तर वही चुकते. टाकळा आणि कासविंद्यात चूक झाली तर माणूस आजारी पडतो. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात लहान मुलांमध्ये दर हिवाळ्यात एक जीवघेणा आजार यायचा, यकृत, स्नायू आणि मेंदू तिन्हींवर घाला घालणारा. कित्येक वर्षं तो विषाणूचा ताप समजला गेला. पुढे बिजनौरच्या डॉक्टरांनी माग काढला तेव्हा मुलांनी खेळता खेळता कासविंद्याच्या शेंगा-बिया खाल्ल्याचं निघालं, आणि २००७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. अंगणात कासविंदा असेल आणि घरात लहान मूल असेल तर शेंगा धरायच्या आत तो उपटा. 'आमच्याकडे औषधाला वापरतात' हे मलाही माहीत आहे. तरी उपटा.

'पण भाजीला कुठला चालतो?'

हा प्रश्न मला झाडाच्या प्रश्नापेक्षा जास्त वेळा विचारला जातो, बहुतेक वेळा आईकडूनच. खरं उत्तर असं की आपल्या आज्या-पणज्यांनी दोघींत फरक केलेला नाही आणि दोघींची कोवळी पानं पोटात गेलेली आहेत. ऑब्ट्युसिफोलियाचं सांगायचं तर सुदानमध्ये तिचीच पानं कुटून, मडक्यात घालून जमिनीत पुरून आंबवतात. त्याला कवल म्हणतात, आणि मांस नसलेल्या दिवसांत कालवणात घालतात. वास कसा येत असेल याची कल्पना टाकळा चुरगाळलेल्या कुणालाही करता येईल.

भाजीसाठी बघायचं ते एवढंच: पर्णिका गोल टोकाच्या, तीन जोड्या, अंगावर सोनेरी लव नाही, देठाच्या बुडाशी मणी नाही. आणि झाड वीतभर उंचीच्या आतलं. फूल दिसायला लागलं की टाकळ्याची भाजी संपली, मग ती कडू आणि चिवट होते. आमच्याकडे फक्त शेंडे खुडतात, बारीक चिरतात, लसणाची फोडणी, भिजवलेली चण्याची डाळ, वरून ओलं खोबरं. गोव्यात फणसाच्या आठळ्या घालतात, आणि ते जास्त चांगलं लागतं हे कोकणातला असूनही कबूल करतो. पिकलेलं बी कच्चं खाऊ नये, गुरांनाही घालू नये. ऑब्ट्युसिफोलियाचं बी खाण्यात आल्यानं गुरांचे स्नायू कमजोर झाल्याच्या नोंदी अमेरिकेत आहेत, तिथे ती सोयाबीनमधलं त्रासदायक तण आहे.

बाजारातल्या जुडीवरून जात ओळखायला मला सांगू नका. जुडीत पाच झाडांचे शेंडे एकत्र बांधलेले असतात आणि ग्रंथी बघेपर्यंत भाजीवाल्या मावशी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलेल्या असतात. एकदा मी भिंग काढलं तर 'कीड नाही हो त्यात, सकाळचीच आहे' म्हणून त्यांनी जुडी परत घेतली.

कुणाला विचारायचं असेल तर काय पाठवावं

झाडाचा एक सुंदर फोटो पाठवून 'हा कुठला?' असं विचारू नका. जाणकार माणूसही त्यावरून 'टाकळा' याच्यापुढे जाऊ शकत नाही, आणि जो जातो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पाहिजेत त्या गोष्टी या: मधल्या पानाचा वरून घेतलेला जवळचा फोटो, ज्यात खोडापासून तिसऱ्या जोडीपर्यंतचा दांडा दिसतो. फुलाच्या किंवा शेंगेच्या देठाशेजारी धरलेली पट्टी. आणि पांढऱ्या कागदावर मांडलेल्या आठ-दहा पक्व बिया, पट्टा वर करून. बियांचा फोटो सावलीत घ्या. उन्हात बी इतकं चमकतं की चकाकीच पट्ट्यासारखी दिसते, यावरून माझा एकदा चांगला तासभर वाद झालेला आहे.

हे तिन्ही असतील तर दहातली नऊ झाडं सुटतात. दहावं अडतं, कारण ग्रंथी एक सांगतात आणि बी दुसरंच. तेव्हा मी बीचं ऐकतो. ग्रंथी पानागणिक बदलताना बघितल्या आहेत, पट्टा मात्र एका शेंगेतल्या सगळ्या बियांवर सारखाच असतो. तसं एक पाकीट माझ्याकडे मागच्या कार्तिकापासून पडून आहे. निळी चिंधी, बांधाच्या वरच्या अंगाचं झाड. पाच पानांपैकी चारांवर दोन ग्रंथी, फुलाच्या वेळचा देठ मोजायचा राहून गेला, शेंगेचा देठ दोन सेंटिमीटरला जरा कमी, आणि बीवर बारीक तिरपी रेघ. वहीत ऑब्ट्युसिफोलिया लिहिलंय, पेन्सिलीनं. यंदा त्याच जागी उगवलेल्या रोपांना पुन्हा निळी चिंधी बांधून आलोय.